शेवटून पहिले

माझा भाचा नोकरीसाठी बर्लिनला गेला तेव्हा त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सहा महिन्यांत तो बायर्न म्युनिकचा कट्टर भक्त झाला. मी फोनवर विचारलं, "अरे, राहतोस बर्लिनला आणि टाळ म्युनिकचे का कुटतोस?" तर म्हणाला, "मामा, शनिवारी दोन घटका टीव्हीसमोर बसायचंच, तर जिंकणाऱ्याकडून बसावं. रविवार बरा जातो." या मुलाला लहानपणी कॅरम मी शिकवला. डाव अर्ध्यावर आला की हा गुण मोजून भिडू बदलायचा, ते मला तेव्हाच खटकलं होतं.

गेल्या वर्षी त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. त्याचं घर नॉयकोल्न भागात आहे. दहा मिनिटं चाललं की टेम्पेलहोफचा जुना विमानतळ लागतो. २००८ साली तिथली विमानं बंद झाली, पण धावपट्ट्या तशाच राहिल्या. तिथे बांधकाम नको म्हणून बर्लिनकरांनी २०१४ साली रीतसर मतदान केलं, आणि ते मानलंही गेलं. एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत लोक नुसते पतंग उडवतायत, हे पाहून माझ्यातल्या पुणेरी प्लॉटधारकाच्या पोटात कालवाकालव झाली. तर या मैदानाला लागून एक क्रीडांगण आहे आणि तिथे एका फुटबॉल क्लबची पाटी आहे. पाटीवर नाव होतं तास्मानिया.

तास्मानिया म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे ऑस्ट्रेलियाच्या खालचं बेट. भूगोलाच्या पेपरात कोरा नकाशा भरताना हमखास राहून जायचं आणि अर्धा गुण जायचा. ते बर्लिनमध्ये कसं? भाच्याला विचारलं, तर तो कॉफी सांडेपर्यंत हसला. "मामा, ती जर्मनीतली आजवरची सगळ्यात वाईट टीम. लिजेंड आहे ते!"

मला बायर्नबद्दल त्याने महिनाभर जे ऐकवलं त्यातलं काहीही लक्षात राहिलं नाही. तास्मानियाचं मात्र मी तोंडपाठ केलं. वयाचा परिणाम असेल.

हा क्लब १९०० सालचा. स्थापन करणाऱ्या पोरांपैकी काहींच्या डोक्यात दूर तास्मानियाला जाऊन स्थायिक व्हायचं होतं, म्हणून हे नाव ठेवलं असं सांगतात. जाता आलं नाही, निदान नाव तरी नेऊन ठेवू, असा विचार असावा. आपल्याकडे नाही का, भाड्याच्या दोन खोल्यांना 'गोकुळ' नाव देतात.

पुढची साठेक वर्षं सोडून देतो. क्लब वाईट नव्हता, बर्लिनपुरता तर चांगलाच होता. १९५९, १९६० आणि १९६२ साली बर्लिनचं विजेतेपद त्यांच्याकडे होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यावरून वाटतं की ही माणसं पहिल्यांदाच बूट घालत होती.

१९६३ साली पश्चिम जर्मनीत बुंडेसलिगा सुरू झाली. त्याआधी सगळा कारभार विभागवार चालायचा. आता देशभरातले निवडक सोळा संघ एका पंगतीत. बर्लिनच्या वाटणीचं एक पान हेर्था नावाच्या क्लबाला मिळालं. अडचण अशी, की बर्लिन म्हणजे पश्चिम बर्लिन. पूर्व जर्मनीच्या पोटात अडकलेलं शहर, १३ ऑगस्ट १९६१ पासून भोवती भिंत आणि काटेरी तारा. तिथे राहायला यायला चांगला खेळाडू राजी होईना. बरं, जास्त पैसे द्यावेत तर संघटनेने पगारावर आणि करारापोटी द्यायच्या रकमेवर मर्यादा घातलेली. मग हेर्थाने काय केलं असेल? हे जर्मन माणसाला उलगडून सांगावं लागतं. मराठी वाचकाला 'वरचे' एवढं म्हटलं तरी पुरे.

१९६५ साली हिशेब तपासले तेव्हा वह्या आणि तिजोरी यांचं एकमेकींशी पटेना. हेर्थाने आपली बाजू मांडली : सगळेच देतात. हे अगदी खरं होतं आणि म्हणूनच कामाचं नव्हतं. हेर्थाला बुंडेसलिगातून काढून बर्लिनच्या विभागात पाठवलं.

आता एक जागा रिकामी झाली, आणि रिकाम्या जागेवर रुमाल टाकायला धावाधाव सुरू झाली. त्या वर्षी खालून पहिला आला होता शाल्के आणि खालून दुसरा कार्लस्रूहे. नियमाने दोघांनीही खाली जायचं. कार्लस्रूहे म्हणालं, जागा झाली आहे तर आम्ही राहतो. शाल्के म्हणालं, हे राहत असतील तर आम्ही काय पाप केलं? शाल्के म्हणजे खाणकामगारांच्या गेल्झेनकिर्शेनचा बडा क्लब, युद्धाआधीपासूनचा दादा. त्याला जिन्यावरून खाली ढकलायची कोणाची छाती होईना. वर राजकारण : बर्लिनचा संघ बुंडेसलिगात नाही हे पूर्वेकडच्यांना कळलं तर ते भिंतीपलीकडून हसतील. त्यामुळे बर्लिनला पान हवंच.

अशा वेळी समिती काय करते हे मी आमच्या सोसायटीत बावीस वर्षं पाहतो आहे. ती कोणालाच नाही म्हणत नाही. पार्किंगच्या वादात आम्ही बाग काढली. जर्मन संघटनेने बुंडेसलिगाच सोळाची अठरा केली. कार्लस्रूहे राहा, शाल्के राहा. खालच्या परीक्षा पास होऊन आलेले दोन नवे संघही या. आणि बर्लिनसाठी एक पान वेगळं मांडा.

"ते दोन नवे कोण माहीत आहे का?" मी भाच्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. "एक म्योन्शनग्लाडबाख आणि दुसरं तुझं बायर्न म्युनिक. तुझं बायर्न आणि हे तास्मानिया एकाच वर्षी, एकाच दारातून आत शिरले. शाळेतला एकच प्रवेशाचा दिवस." तो जरा गप्प झाला. घराणं कुठे जुळतंय हे कळल्यावर माणूस होतो तसा.

पण बर्लिनचं पान तास्मानियासाठी मांडलेलं नव्हतंच. त्या साली बर्लिनच्या विभागात पहिला आला होता टेनिस बोरुसिया. तो बढतीच्या सामन्यांत बायर्नच्याच गटात खेळून हरलेला. परीक्षेत नापास झालेल्याला मागच्या दाराने कसं घ्यायचं? दुसरा होता स्पांडाऊचा संघ. त्यांना विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं, नको. या सगळ्या कहाणीत शहाणी माणसं तेवढीच, आणि शहाणी असल्यामुळे त्यांच्याबद्दल पुढे काहीही सांगण्यासारखं नाही. तिसऱ्या क्रमांकावर तास्मानिया. त्यांना विचारलं. ते हो म्हणाले.

मोसम सुरू व्हायला तेव्हा जेमतेम दोन आठवडे राहिले होते.

आमच्या लहानपणी अशा लग्नाची एक गोष्ट नातेवाइकांत सांगत असत. मुहूर्ताला नवरामुलगा पळून गेला. मांडव घातलेला, आचारी आलेले, बुंदी पाडून झालेली. मग कोणीतरी म्हणालं, तो खांबाला टेकून उभा आहे तो कोण? मुलीच्या मामाचा मावसभाऊ. लग्न झालंय का त्याचं? नाही. मग बांधा मुंडावळ्या. तास्मानियाचं नेमकं तसं झालं. पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेलेली. कोणी समुद्रावर, कोणी तंबू ठोकून. आपण देशातल्या सर्वोच्च स्पर्धेत गेलो आहोत ही बातमी काहींना रेडिओवर कळली असं सांगतात. अंगाला वाळू चिकटलेली आणि रेडिओ सांगतोय, तुम्ही बोहल्यावर आहात.

क्लबने घाईघाईत एक मोठं नाव आणलं. होर्स्ट शिमानियाक. हा माणूस खाणीतून वर आलेला, पश्चिम जर्मनीसाठी ४३ सामने खेळलेला, १९५८ आणि १९६२चा विश्वचषक पाहिलेला, इटलीत इंटर मिलानपर्यंत जाऊन आलेला. त्याच्या नावावर एक किस्सा खपवतात : पगारात एक तृतीयांश वाढ देतो म्हटल्यावर हा म्हणे अडून बसला, तृतीयांश नको, किमान चतुर्थांश तरी द्या. खरा की खोटा देव जाणे. पण अपूर्णांकांशी असं निर्मळ नातं असलेला माणूस तास्मानियाच्या गुणतक्त्याला शोभला असता हे खरं.

१४ ऑगस्ट १९६५. भिंतीला चार वर्षं आणि एक दिवस झालेला. १९३६च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं ते अवाढव्य स्टेडियम, आणि आत ८१ हजारांवर माणसं. समोर कोण? कार्लस्रूहे! ज्याला वाचवायला ही अठराची पंगत वाढवली, तोच पाहुणा पहिल्या घासाला. आणि तास्मानिया जिंकलं. २-०. दोन्ही गोल वुल्फ-इंगो उसबेक नावाच्या खेळाडूचे. त्या संध्याकाळी नॉयकोल्नमधल्या बिअरच्या दुकानांत काय झालं असेल याची मी कल्पना करू शकतो. आमच्या गल्लीतला मुलगा एकदा रणजीच्या संभाव्य यादीत आला होता, तेव्हा आम्ही बँड लावला होता.

त्यानंतरचा विजय २१ मे १९६६ला मिळाला.

म्हणजे श्रावणात जिंकले ते पुन्हा आंब्याच्या दिवसांत. मधले ३१ सामने विनाविजय. ३१पैकी चार बरोबरीत सुटले, बाकीचे २७ हरले. ओळीने दहा हरले असाही एक पट्टा त्यात आहे. मध्येच प्रशिक्षक बदलून पाहिला. घर गळायला लागलं की आपणही आधी बादली बदलून पाहतो.

आकडे नुसते वाचून त्यांची गोडी कळत नाही, म्हणून मी भाच्याच्या स्वयंपाकघरात कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पूर्ण मोसमात त्यांनी १५ गोल केले. त्यातले चार त्या दोन विजयांत. म्हणजे उरलेल्या ३२ सामन्यांत ११. वेळेत मांडलं तर साधारण चार तास वीस मिनिटांनी एक गोल. जुन्या संगीत नाटकाला तेवढा वेळ लागायचा, पण त्यात अधूनमधून पदं तरी असायची. आणि खाल्ले किती? १०८. गोलाला 'खाणे' हे क्रियापद लावतात ते तास्मानियाच्या बाबतीत मला अपुरं वाटतं. ते हादडणं होतं.

२६ मार्च १९६६ला तर माइडेरिखचा संघ बर्लिनला येऊन ९-० असा जिंकून गेला. घरच्या मैदानावर एवढा मोठा पराभव बुंडेसलिगात त्याआधी कोणाचा झाला नव्हता आणि त्यानंतरही कोणी त्याच्या पुढे गेलं नाही. माझं मन अशा वेळी गोलरक्षकाकडे जातं. बाकीचे दहा जण निदान पळत तरी असतात. याला जाळ्यात जाऊन, वाकून, चेंडू काढून, मध्यावर फेकायचा आणि परत येऊन तोंड शक्य तेवढं कोरं ठेवून उभं राहायचं. असं नऊ वेळा. सूर्यनमस्कार बारा घालायचे असतात, गड्याचे तीन राहून गेले.

पण मला सगळ्यात आवडलेला सामना वेगळाच आहे. १५ जानेवारी १९६६. पाहुणे म्योन्शनग्लाडबाख. नेत्झर, हाइन्केस, फोग्ट्स ही पुढे जगभर गाजलेली पोरं याच मोसमात त्या क्लबाकडून बुंडेसलिगात पहिल्यांदा उतरलेली. बर्लिनमधला जानेवारी कसा असतो हे मी सांगत नाही. मी तिथे ऑक्टोबरात गेलो होतो आणि रात्री झोपतानाही कानटोपी काढत नव्हतो. त्या दिवशी ऐंशी हजारांच्या त्या स्टेडियममध्ये ८२७ प्रेक्षक होते.

८२७. पाच महिन्यांपूर्वी ८१ हजार, आता ८२७. आमच्याकडे मध्यमवर्गीय लग्नाला एवढी माणसं होतात आणि वर मुलीचे काका रुसून बसतात की आमच्याकडच्यांना आमंत्रणंच गेली नाहीत. एवढी माणसं त्या दगडी वाडग्यात कशी बसली असतील? शेजारीशेजारी बसावं तर थंडीचं बरं, पण मग बाकीचं स्टेडियम अंगावर येणार. पसरून बसावं, तर शंभर माणसांच्या जागेत एकेकटा, म्हणजे कोणी ओरडलाच तर त्याचं नाव-गाव खेळाडूंना कळणार. करोनाच्या काळात दारं बंद ठेवून सामने झाले ते सोडले, तर बुंडेसलिगातला हा आजवरचा सगळ्यात कमी प्रेक्षकांचा सामना.

आणि गंमत बघा, तो तास्मानिया हरलं नाही! ०-०. ८१ हजार लोकांपैकी जे बाकीचे ८० हजार घरी शेगडीपाशी बसले होते, त्यांना त्या पहिल्या दिवसानंतर जे क्वचितच पाहायला मिळालं ते या ८२७ जणांनी पाहिलं : नव्वद मिनिटं, आणि पराभव नाही. गोलही नाही म्हणा. पण एकदम सगळं मागू नये.

मेमधला तो दुसरा विजय २-१ असा, नॉयनकिर्शेनविरुद्ध. नॉयनकिर्शेनही त्या वर्षी खाली गेलं, खालून दुसरं म्हणून. बुडत्याने बुडत्याला पाणी पाजण्याचा हा प्रकार. शेवटचा सामना पुन्हा हरले आणि पुस्तक मिटलं : ३४ सामने, दोन विजय, चार बरोबरी, २८ पराभव. परगावी विजय एकही नाही. विजयाला तेव्हा दोन गुण होते, म्हणजे एकूण आठ. जर्मनांची तेव्हाची रीत अशी, की मिळालेले आणि गमावलेले गुण शेजारीशेजारी छापायचे. त्यामुळे तक्त्यात तळाला लिहिलंय ८:६०. आपल्याकडे प्रगतिपुस्तकात मिळालेलेच तेवढे लिहितात. गमावलेले वडील तोंडी सांगतात.

भाच्याचं बायर्न त्या वर्षी तिसरं आलं आणि जर्मन कपही जिंकलं. हे मी त्याला सांगितलं नाही. त्यालाच माहीत होतं.

सगळ्यात कमी विजय, सगळ्यात कमी गुण, सगळ्यात कमी गोल, सगळ्यात जास्त खाल्लेले गोल, सगळ्यात जास्त पराभव, विजयाविना सगळ्यात लांब मजल. एका वर्षात एवढं करून ठेवलं की बायर्नला तीसेक विजेतेपदं मिळवूनही ते ताटातून उचलता आलेलं नाही. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर आला आणि एखादा संघ सात-आठ सामने जिंकला नाही, की जर्मन वर्तमानपत्रं तास्मानियाचं नाव काढतात. आपल्याकडे पितृपंधरवड्यात ज्या पणज्यांची नावं निघतात तशीच. पान वाढतात, कावळा शिवतो, आणि त्या संघाला अचानक एखादा विजय मिळून जातो.

मूळ क्लब १९७३ साली दिवाळखोरीत गेला. लगेच त्याच मातीत नवा क्लब काढला आणि पुढे नावही तेच घेतलं. म्हणजे वारसांनी कर्ज सोडलं आणि विक्रम तेवढे ठेवून घेतले. एवढं धोरणी वाटप मी कोणत्याही मराठी कुटुंबात पाहिलेलं नाही.

खरी परीक्षा मात्र २०२१च्या जानेवारीत आली. आणि ती घ्यायला आलं कोण? शाल्के!

तोच शाल्के, जो १९६५ साली शेवटचा आला होता. नियम पाळले असते तर शाल्के खाली जातं, बुंडेसलिगा सोळाचीच राहते आणि तास्मानिया सुट्टीवर समुद्रकिनारी वाळूत पडून राहतं. एकाच परिपत्रकाने एकाला वाचवलं आणि दुसऱ्याला फाशी दिली. पंचावन्न वर्षांनी वाचलेला परत आला, तो फाशी गेलेल्याच्या गळ्यातला हार मागायला. १७ जानेवारी २०२०ला ग्लाडबाखला हरवल्यापासून शाल्के एकही लीग सामना जिंकलेलं नव्हतं. करोनामुळे स्टेडियमं ओस, त्यामुळे ८२७ जण बघायलासुद्धा नाहीत. मोजदाद चाललेली : सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. २ जानेवारी २०२१ला शाल्के आलं बर्लिनला, त्याच ऑलिंपिक स्टेडियममध्ये, आणि हरलं ०-३. कोणाकडून? हेर्थाकडून! ज्या हेर्थाच्या दोन नंबरच्या हिशेबातून हे सगळं रामायण सुरू झालं, त्याच हेर्थाने शाल्केला तिसाव्या पायरीवर आणून ठेवलं. आणखी एक सामना आणि बरोबरी. आणखी दोन आणि तास्मानियाची सद्दी संपली.

इकडे नॉयकोल्नमध्ये तास्मानियावाले देव पाण्यात घालून बसले. क्लबच्या अध्यक्षांनी उघड सांगितलं, विक्रम आमच्याकडेच राहावा.

"पण मामा," भाचा म्हणाला, "उलट बरं ना? कलंक गेला असता."

"कलंक?" मी म्हटलं. "अरे, जर्मन फुटबॉलच्या त्या एवढ्या मोठ्या वाड्यात त्यांची मालकीची खोली ही एकच. तळमजल्यावर, जिन्याखाली, ओल आलेली. पण पागडी भरलेली आणि नावावर. ती शाल्केने बळकावली तर यांनी राहायचं कुठे? शाल्केचं काय, त्यांच्याकडे विजेतेपदं आहेत, ट्रॉफ्या आहेत, कपाटं भरलेली आहेत. एवढं असून गरिबाच्या जिन्याखालच्या खोलीवर डोळा!"

"आणि खालून दुसरं येण्यात काही अर्थ नाही," मी पुढे म्हटलं. "उद्या ऑफिसात विचार, ६५-६६ला खालून दुसरा कोण?" त्याने खरंच विचारलं. सहा जर्मनांपैकी एकालाही सांगता आलं नाही. दोघांनी शाल्के म्हणून ठोकून दिलं. नॉयनकिर्शेनने तास्मानियापेक्षा कितीतरी जास्त गुण मिळवले होते. मिळवून काय केलं?

९ जानेवारी २०२१. शाल्केचा एकतिसावा सामना, घरच्या मैदानावर, होफेनहाइमशी. आणि मॅथ्यू हॉपी नावाचा कॅलिफोर्नियाचा एकोणीस वर्षांचा पोरगा उठला, त्याने एकापाठोपाठ तीन गोल मारले. शाल्के ४-० जिंकलं. अमेरिकन खेळाडूची बुंडेसलिगातली ती पहिली हॅटट्रिक. तास्मानिया हरत होतं तेव्हा त्याचे वाडवडीलही कॅलिफोर्नियात बेसबॉलच पाहत असतील. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की आपण कुठल्या नॉयकोल्नमधल्या कुठल्या क्लबची इस्टेट वाचवली. शाल्के जल्लोष करत होतं ते संकट टळलं म्हणून. त्याच क्षणी सहाएकशे किलोमीटरच्या आतल्या अंतरावर दुसराही एक क्लब जल्लोष करत होता, आणि माझ्या मते त्यांचाच आनंद अधिक शुद्ध होता. कारण शाल्के पुढे एप्रिलमध्ये खाली गेलंच. तास्मानियाचे ३१ जागच्या जागी आहेत.

परत निघायच्या आदल्या शनिवारी मी भाच्याला म्हटलं, आज बायर्न टीव्हीवर असू दे, आपण पाटी पाहिली त्या मैदानावर जाऊ. तो तोंड वाकडं करून आला. खालच्या कुठल्यातरी विभागातला सामना. मैदानाला लोखंडी कठडा, कठड्याला टेकून माणसं, एका टपरीवर सॉसेज भाजण्याचा वास. खेळाडू एकमेकांना जर्मन, तुर्की, अरबी अशा मिळून-मिसळून भाषांत शिव्या घालत होते. भाच्याने भाषांतर करायचं नाकारलं. मी मनात डोकी मोजत होतो. दोनशेच्या वर जाईना.

माझ्या शेजारी साठी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते, हातात थर्मास. गळ्याला क्लबचा मफलर, तोही धुऊन धुऊन विटलेला. मी भाच्याला कोपराने ढोसलं. "विचार त्यांना, त्या ८२७मध्ये होतात का म्हणावं." भाचा संकोचला. असं कोणी विचारतं का मामा, वगैरे. शेवटी विचारलं त्याने. म्हातारबुवांनी मला खालपासून वरपर्यंत निरखलं. माझी ऑक्टोबरातली कानटोपी पाहून त्यांना काहीतरी आपलेपणा वाटला असावा.

पहिल्या सामन्याला होतो म्हणाले, वडिलांच्या खांद्यावर बसून. काही दिसलं नव्हतं, पण दोनदा सगळे ओरडले ते आठवतंय.

आणि जानेवारीतल्या त्या सामन्याला?

त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, घोटभर कॉफी ओतली, प्यायले, झाकण घट्ट फिरवून बसवलं आणि मैदानाकडे बघत दोन-तीन शब्द पुटपुटले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतायत, त्या दिवशी थंडी होती."